लंकेच्या वेशीवर

सुंदरकांडात मारुती समुद्र उल्लंघून त्रिकूटावर उतरतो आणि रात्री सूक्ष्म रूप धारण करून नगरीत शिरू लागतो, तेव्हा साक्षात् लंकानगरीच राक्षसीच्या रूपाने त्याच्या आड उभी राहते. तू कोण, कोठला, कशासाठी आलास, असे दरडावून विचारते. हेच प्रश्न आजही त्या बेटाच्या वेशीवर पाहुण्यास विचारले जातात. मारुतीने डाव्या मुठीच्या एका प्रहारात उत्तर देऊन टाकले. आपणांस ते निघण्यापूर्वी घरी बसून, संगणकावर, आणि बहुधा डॉलर मोजून द्यावे लागते. वाल्मीकींची लंका व सांप्रतचे सिंहलद्वीप एकच की भिन्न, या विद्वानांच्या वादात मी येथे शिरत नाही. त्यास वेगळा लेख हवा.

परवाना घेऊन परमुलखात जाण्याची ही रीत पाश्चात्त्यांनी आणली, अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. एक माष घेऊन त्याने मुद्रा द्यावी. जवळ मुद्रा असेल त्यासच जनपदात येण्याजाण्याची मोकळीक. मुद्रेवाचून फिरणाऱ्या जानपदास बारा पण दंड. माष हा पणाचा सोळावा हिस्सा, म्हणजे दंड शुल्काच्या १९२ पट झाला! शुल्क अल्प, ते एकच, ते घेणारा अधिकारीही एकच, आणि दंड मात्र जबर, ही त्या व्यवस्थेतील मेख मला फार शहाणपणाची वाटते. ती का, हे पुढे कळेल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी लंकेचा रस्ता आजच्याहून सुगम होता. १९१४ साली पांबनचा पूल झाला, आणि मद्रासेस आगगाडीत बसलेला उतारू धनुष्कोडीस आगबोटीवर चढून तलैमन्नारला उतरे व तेथून पुन्हा गाडीने कोलंबोस पोहोचे. दोन्ही मुलूख एकाच साम्राज्याखाली होते. स्वातंत्र्यानंतर सिलोनने १९४८ सालचा परकीयांच्या येण्याजाण्याविषयीचा कायदा १ नोव्हेंबर १९४९ पासून अमलात आणला, आणि दारास कडी बसली. १९६४ च्या डिसेंबरात वादळाने धनुष्कोडीच नाहीशी केली.

या कडीस विद्युत्-कळ बसली ती २०१२ च्या जानेवारीत. ‘ईटीए’ म्हणजे प्रवासापूर्वीच संगणकाद्वारे मिळणारी अनुमती, ही पद्धत तेव्हा सुरू झाली. तीस दिवसांचे वास्तव्य, दोन वेळा प्रवेश, आणि सार्क देशांच्या नागरिकांस इतरांहून कमी शुल्क, असा तिचा साधारण साचा. साचा टिकला, पण शुल्काचा काटा मात्र त्या बेटाच्या नशिबाबरोबर हलत राहिला. २०१९ च्या एप्रिलात ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, पाहुणे आटले, आणि त्याच ऑगस्टात अनेक देशांस, हिंदुस्थानासह, शुल्क माफ झाले. पुढे महामारी आली. २०२२ च्या एप्रिलात सरकारने परकीय कर्जाची फेड थांबविली; पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या. ज्या देशात २०१८ साली २३ लाखांहून अधिक प्रवासी आले, तेथे २०२१ साली दोन लाखही आले नाहीत. सिगिरीच्या पायथ्याशी शहाळी विकणाऱ्यास व्हिसाचे नियम वाचता येत नसतील, पण त्याची चूल त्याच नियमांवर पेटते.

२०२३ च्या अखेरीस हिंदुस्थान, चीन, रशिया, जपान, मलेशिया, थायलंड व इंडोनेशिया या सात देशांस शुल्क माफ झाले. त्याच सवलतीत, २०२४ च्या फेब्रुवारीत, आम्ही उभयता गेलो. शुल्क नव्हते तरी अर्ज होताच, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी आली नाही. आमच्यातील एका गृहस्थांनी शोधयंत्रावर प्रथम दिसलेल्या स्थळी अर्ज भरला आणि फुकट मिळणाऱ्या अनुमतीसाठी काही हजार रुपये मोजले. ते स्थळ सरकारी नव्हतेच. सरकारीसारखे दिसत होते, एवढेच.

आम्ही परतलो आणि दोनच महिन्यांत तेथे मोठे प्रकरण झाले. १७ एप्रिल २०२४ रोजी सरकारने जुनी पद्धत बाजूस सारून हे काम खाजगी कंपन्यांच्या एका समूहाकडे दिले. पूर्वी ज्यास ५० डॉलर पडत, त्यास आता शुल्क ७५, सेवेचे १८.५० आणि सोयीचे ७.२७, मिळून १००.७७ डॉलर पडू लागले. (सोय कोणाची, हे विचारू नये.) मे महिन्याच्या आरंभी कटुनायकेच्या विमानतळावर लोक संतापले, सरकारने शुल्क पुन्हा ५० वर आणले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २ ऑगस्टला नव्या पद्धतीस स्थगिती मिळाली, तरी जुनी ईटीए प्रत्यक्षात सुरू होण्यास सप्टेंबरचा अखेर उजाडला. कौटिल्याने मुद्रेचा माष मुद्राध्यक्षाच्याच हाती का ठेवला, हे येथे उमगते. राज्याच्या वेशीवर मध्यस्थ बसला की पाहुण्यास राजाही दिसत नाही आणि हिशेबही दिसत नाही.

इतके सारे करून जावे असे तेथे आहे काय? निःसंशय आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या लंकागमनाचे भव्य चित्र आहे. ते पाहून ज्याने सिगिरीचा कडा चढला, त्यास खडकावरील त्या अर्धमग्न मेघांतल्या स्त्रिया परक्या वाटत नाहीत. पाचव्या शतकात कश्यप राजाने हे दुर्गनगर वसविले. त्याच्या मागे काही शतके लोक केवळ ती चित्रे पाहण्यास येत आणि शेजारच्या गुळगुळीत भिंतीवर चार ओळी कोरून जात. परणवितान या पंडिताने तशी ६८५ पद्ये वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. कोलंबोच्या संग्रहालयात गाले येथे १९११ साली सापडलेली शिळा आहे. १४०९ सालच्या त्या लेखात चिनी दर्यासारंगाने चिनी भाषेत बुद्धास, तमिळात विष्णूच्या अवतारास व फारसीत अल्लास दिलेल्या देणग्या नोंदविल्या आहेत. त्या शिळेपुढे मी बराच वेळ उभा होतो. यजमानाच्या घरी कोणास काय रुचेल याचा इतका विचार करून आलेला पाहुणा मी दुसरा पाहिला नाही. अनुराधपुरास महाबोधीच्या ओट्यापाशी पादत्राणे काढून चालावे. दुपारी वाळू भाजते, म्हणून सकाळी जावे.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी जपाव्या. नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावा. मागील वर्षीच्या प्रवाशाचे सांगणे कितीही आत्मीयतेचे असले तरी त्यावर विसंबू नये. स्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट एलके’ असा आहे की नाही, हे चष्मा पुसून वाचावे. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. आपल्याकडील भगिनींची अडचण निराळीच: पासपोर्टावर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे, आणि मधले नाव पित्याचे की पतीचे याचा मेळ नाही. अर्जात पासपोर्टावरील अक्षरे जशीच्या तशी उतरवावी आणि तिकीटही त्याच नावाने काढावे. अनुमतीची प्रत कागदावर छापून घ्यावी. भ्रमणध्वनीची विद्युत् नेमकी रांगेतच संपते.

समुद्रमार्गाने जाण्याची हौस असणाऱ्यांस नागपट्टणम् ते कांकेसंतुरै अशी बोट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, काही दिवसांत थांबली व २०२४ च्या ऑगस्टात पुन्हा सुटू लागली. तिच्या वेळा ऋतुमानावर अवलंबून असतात. व्हिसाचे प्रश्न मात्र धक्क्यावरही तेच.