अल्नार

हाताला मुख्य नसा तीन: मीडियन, रेडियल आणि अल्नार.  त्यांतली अल्नार मानेच्या तळाशी उगम पावते, दंडाच्या आतल्या बाजूने खाली उतरते आणि तिथल्या एकाही स्नायूला फांदी देत नाही. कोपराशी मात्र तिचा आडोसा संपतो. आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीत ती कातडीच्या लगेच खाली असते. बोटाने चाचपली तर लागते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाणारी सणक तिचीच.

तिचं कर्तृत्व दिसतं ते तळहातात. बोटं फाकवणं, जुळवणं, किल्ली चिमटीत घट्ट धरणं, ही नाजूक कामं करणारे बहुतेक छोटे स्नायू तिच्या ताब्यात. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेच्या स्पर्शाची खबरही तीच नेते. डॉक्टर अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला सांगून तो ओढतात. अल्नार दुबळी झाली असेल, तर अंगठ्याचं टोक वाकतं: मीडियनचा स्नायू तिच्या मदतीला धावलेला असतो.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा मानवतात, म्हणून कोपराजवळची ही उघडी नस त्याच्या तावडीत सापडते. ती दोरीसारखी जाड लागते, दाबली की दुखते. करंगळी बधिर होते, मग शेवटची दोन बोटं आकडतात. तव्याचा चटका कळत नाही, जखम चिघळते, बोट झिजतं. जंतूमुळे होणाऱ्या दुखण्याला लोकांनी पाप ठरवलं आणि माणसं गावाबाहेर काढली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाअखेरीपासून धडधाकट स्नायूंच्या कंडरा वळवून अशी बोटं पुन्हा कामाला लावली. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांच्या सोबतीने अशाच हातांनी माळरानावर शेती पिकवली.

आज जंतू मारणारी औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण मेलेली नस ती परत आणत नाहीत. दुबळेपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर स्टेरॉइडने बरीच ताकद परत येऊ शकते. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला किंवा करंगळीला मुंग्या येत राहिल्या, तर लाजेपायी घरी बसू नये. अल्नार अनेकदा वेळेवर खूण देते. ती ओळखून दवाखाना गाठला, तर हात वाचू शकतो.