एकाच वेळी बोलणाऱ्या बहिणी

शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. लुइसा मे अल्कॉट यांच्या त्याच मूळ कादंबरीवर, ‘लिटल विमेन’वर, ग्रेटा गर्विग यांनी २०१९ साली काढलेला चित्रपट पाहताना माझे लक्ष पोशाखांपेक्षा बोलण्याकडे अधिक गेले. (व्यवसायाचीच खोड, दुसरे काय!) त्यातील बहिणी एकमेकींचे वाक्य पुरे होऊच देत नाहीत. हा गलबला उत्स्फूर्त वाटतो, पण तसा तो नाही. एकीच्या कोणत्या शब्दावर दुसरीने सुरुवात करायची, त्या तिरप्या रेघा गर्विग यांनी संहितेतच आखल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधील चित्रीकरणापूर्वी दोन आठवडे तालमी झाल्या. निरनिराळ्या देशांतून आलेल्या या अभिनेत्रींना बहिणी व्हायचे, तर एकमेकींच्या बोलण्यात नेमके कोठे शिरावे, हे कानाला आधी कळावे लागते.

पाळीपाळीने बोलणे हा संभाषणाचा सर्वसाधारण नियम आपण अभ्यासता. डेबोरा टॅनन यांनी मात्र दाखवून दिले, की काही समूहांत दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलणे हा उद्धटपणा नसून आपुलकीची खूण असते.

हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आले. आम्ही तिघी बहिणी. आई गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून आमचे बिनसले, आणि तेव्हापासून दूरध्वनीवर आम्ही एकमेकींचे बोलणे शेवटपर्यंत, अगदी शिस्तीने ऐकून घेऊ लागलो. गेल्या दिवाळीत मी चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगत असता धाकटीने मला मध्येच तोडले. “चुकतेस, ताई, आई डाळ...” तिचेही वाक्य मी पुरे होऊ दिले नाही.