गाव पाहावे पावसाळ्यात

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर मी या म्हणीला एक शेपूट जोडले आहे : गाव पाहावे पावसाळ्यात. तेही दोन दिवसांची सहल म्हणून नव्हे, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन, स्वयंपाकपाणी करून, कपडे वाळत घालून.

आमचे घर शहापुरात होते. शहापूर आज बेळगावचाच एक भाग वाटते, पण संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होते. बाजूच्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट ऐकू यायचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने मला झोप येत नसे. पुढे तो थांबला की जाग येऊ लागली. सासरे गेल्यावर तिघा भावांत घराची वाटणी झाली. वाद झाला नाही, हे आमचे भाग्य. पण घर विकले गेले, आमचा वाटा हाती आला आणि प्रश्न उभा राहिला, आता जायचे कुठे?

मी चंदगड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. बेळगावहून शिनोळीमार्गे रोज जा-ये करते. हे एका कंपनीचे हिशेब पाहतात आणि २०२१ पासून घरूनच काम करतात. मुलगा आठवीत. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, दम्याचा जुना त्रास. एवढाच आमचा संसार.

ह्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते, सावंतवाडीचे. बेळगावकरांना सावंतवाडी काही परकी नाही. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने आंबोली ओलांडली की घाट उतरून तीस किलोमीटरवर गाव. गावाच्या मधोमध, राजवाड्यासमोर, १८७४ साली बांधलेला मोती तलाव. संध्याकाळी काठावर फिरणारी माणसे, पाण्यात पडलेले दिवे, जवळच चितार आळीत लाकडी फळांची आणि खेळण्यांची दुकाने. लहानपणी ह्यांचे वडील त्यांना घेऊन दरवर्षी मे महिन्यात तिथे जात. "आता मुंबई-गोव्याचा हमरस्ताही गावाबाहेरून गेलाय, गाव शांत झालंय. मला काय, संगणक कुठेही मांडता येतो," असे ह्यांचे म्हणणे.

माझे मत वेगळे होते. मला हिंडलग्याच्या बाजूची नवी वसाहत पटली होती. रुंद रस्ते, दोन खोल्या जास्त, दारात गाडी लावायला जागा. माझा कॉलेजचा रस्ता दारावरून जाणारा. मोठी इस्पितळे अर्ध्या तासात. मुलाची शाळा बदलायला नको. सीमेवरच्या पालकांना हे सांगायला नको की, इथून तिथे जाणे म्हणजे नुसती शाळा बदलणे नसते, राज्य बदलणे असते. शिक्षण मंडळ वेगळे, कन्नडचा विषय सुटतो, पुढच्या प्रवेशाचे नियम वेगळे. आठवीतल्या मुलाला उचलून नेणे म्हणजे रुजलेले रोप उपटणे.

वाद न घालता आम्ही एक शहाणपणा केला. दोन्हीकडे आधी भाड्याने राहून पाहायचे ठरवले.

एप्रिलमध्ये नव्या वसाहतीत बिऱ्हाड केले. घर खरोखरच छान होते. वारा भरपूर, भिंती पांढऱ्याशुभ्र. मी सकाळी सातला निघायची आणि चार वाजता परतायची. हे आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून कामात. माझ्या दृष्टीने सगळे उत्तम चालले होते. आई मात्र बोलेनाशा झाल्या होत्या. "काय होतंय?" विचारले की म्हणत, "काय न्हाई गं, बरं हाय."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हे कामासाठी दोन दिवस पुण्याला गेले. त्या दिवशी आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार लागले. कुलूप आपोआप बसणारे. किल्ली आत, फोन आत. दहा-साडेदहाची वेळ. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपे, कारण नवराबायको दोघेही नोकरीवर. समोर रिकामा प्लॉट. पलीकडच्या घरात माणसे होती, पण दार लावलेले आणि आत कुत्रा. ओळख नाही, तर हाक कुणाला मारणार? मुलगा शिबिराहून दीड वाजता आला, तोपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या. ऊन अंगावर आले तसे सरकत सरकत तुळशीकट्ट्याच्या सावलीला आल्या होत्या. मला हे त्यांनी सांगितलेच नाही. मुलाने सांगितले.

शहापुरात असे झाले असते, तर पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी ओट्यावर त्यांच्या हातात चहाचा कप असता. एकाच शहरातल्या दोन टोकांत केवढे अंतर असते, ते त्या दिवशी मला समजले.

जुलैत आम्ही सावंतवाडीला गेलो. बाजारापासून जवळ, वरच्या मजल्यावर दोन खोल्या महिन्याभरासाठी मिळाल्या. तलाव दहा मिनिटांच्या अंतरावर. मुलाची शाळा सुरू असल्याने तो टिळकवाडीला माझ्या बहिणीकडे राहिला. शनिवारी दुपारी मी त्याला घेऊन यायची. मी मात्र रोज एसटीने घाट चढून कॉलेजला.

सहलीला गेलेल्या माणसाला कोकणातला पाऊस आवडतो. राहायला गेलेल्याला तो समजतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढा नसला तरी खाली सावंतवाडीतही काही कमी नाही. चौथ्या दिवशी पुस्तकांच्या कव्हरांवर बुरशी आली. आठव्या दिवशी ह्यांच्या चामडी पट्ट्यावर. कपडे वाळेनात म्हणून दोरीखाली पंखा, आणि वीज गेली की तोही बंद. नेट गेले की ह्यांची बैठक अर्ध्यावर तुटायची. रेल्वे आहे म्हणावे तर स्टेशन गावाबाहेर, मळगावच्या बाजूला. मे महिन्यातल्या आठवणीत यातले काहीच नव्हते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तळ्याचेही तसेच असते.

पण आईंचे काय झाले? त्या बोलू लागल्या. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंशी मैत्री. त्यांची मालवणी आणि आईंची बेळगावी मराठी, दोघींना एकमेकींची निम्मी कळायची आणि उरलेल्या निम्म्यावर हसायच्या. पाऊस उघडला की दोघी मिळून मंडईत जायच्या. बांगडे ताजे आहेत की नाहीत हे कल्ले उचलून कसे पाहायचे, ते आईंनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी नव्याने शिकून घेतले. संध्याकाळी छत्री घेऊन तलावापर्यंत. ह्यांचा चेहरा असा, की जणू पैज जिंकली.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. मुलाला ताप आल्याचा बहिणीचा फोन आला म्हणून हे सकाळीच बेळगावला गेले. मी नेहमीप्रमाणे कॉलेजला. दिवसभर धो धो पाऊस. साडेचारच्या गाडीने निघाले, तर आंबोलीला गाडी थांबली. घाटात दरड आली होती. कधी मोकळी होईल, कुणी सांगेना. फोनला रेंज नाही. दाट धुक्यात स्टँडवर दोन तास उभी राहून मी शेवटी उलट दिशेच्या गाडीने माघारी फिरले आणि एका सहकारी बाईंच्या घरी मुक्कामाला गेले. आम्ही दोघेही घाटाच्या वर, आई एकट्या खाली.

रात्री दहाला फोन लागला. उचलला तो काकूंच्या मुलाने. साताच्या सुमारास आईंना दम लागला होता. नेहमीच्या फवाऱ्याने थांबेना. त्यांनी वरून पितळी तांब्या जमिनीवर आपटला. काकूंशी बोलता बोलता कधीतरी तसे ठरले होते म्हणे! काकू वर आल्या, मुलाने रिक्षा आणली, पंधरा मिनिटांत त्या दवाखान्यात होत्या. आता प्राणवायू लावला आहे, बरे आहे. मागून काकूंचा आवाज आला, "भिया नकात, आमी आसव."

डॉक्टरांशीही बोलले. ते स्पष्ट बोलणारे होते. "आता धोका नाही. पण असं पुन्हा झालं आणि वाढलं, तर मला यांना गोव्याला बांबोळीला पाठवावं लागेल. या पावसात किती वेळ लागेल, तुम्हीच विचार करा," असे म्हणाले.

ती रात्र मी जागून काढली. नव्या वसाहतीत इस्पितळ जवळ होते, पण तिथे तांब्या आपटला असता तर ऐकायला कुणी नव्हते. इथे ऐकणारे होते, पण मोठे इस्पितळ लांब आणि आम्ही घाटाच्या पलीकडे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच निर्णय होत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता सुरू झाला. मी पोचले तेव्हा आई पेज खात बसल्या होत्या आणि काकू त्यांना रागावत होत्या.

ऑगस्टमध्ये बेळगावला परतल्यावर एका रात्री आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. एका बाजूला हे गाव, दुसऱ्या बाजूला ते. मुद्दे लिहीत होतो. आई लसूण सोलत बसल्या होत्या. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की सहा महिने आम्ही त्यांच्यासाठी म्हणून घर शोधत होतो, आणि त्यांना एकदाही विचारले नव्हते. दिवसभर घरात राहणार कोण? मी नव्हे. मुलगा नव्हे. ह्यांचे शरीर घरात, मन कंपनीत. त्या घरात खऱ्या अर्थाने राहणार होत्या त्या एकट्याच.

"आई, तुम्हाला कुठं आवडेल?" मी विचारले.

त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "सावंतवाडी आवडली. माणसं सोन्यासारखी. पन न्हाई जायाचं."

"का? दवाखान्यामुळं?"

"दवाखान्याचं काय, माझं झालंय आता. त्या रात्री दम थांबल्यावर मला तुझीच काळजी लागली होती. ह्या पावसात कुठं अडकली असशील, जेवलीस का न्हाई. रोज पावसाळ्यात दारात उभं राहून तुझी वाट बघायला मला न्हाई जमणार."

हे कागद घडी करून उठले. मी काही बोलले नाही. बोलता आलेच नसते.

"आणि त्या नव्या घरात?" थोड्या वेळाने ह्यांनीच विचारले.

"तिथं नको. मला तळं नको, बाग नको. हाक मारली तर कुणाला तरी ऐकू गेलं पायजे, बास."

शेवटी आम्ही हिंडलग्यातच घर घेतले, पण नव्या वसाहतीत नाही, जुन्या गावातल्या गल्लीत. जमिनीच्या पातळीवर, चढायला पायरी एकच. ठरवलेल्या घरापेक्षा दोन खोल्या कमी. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते आणि पुस्तकांची चार खोकी अजून पलंगाखाली आहेत. पण शेजारच्या ओट्यावर दुपारी बायका बसतात, देऊळ दोन मिनिटांवर, आणि माझा कॉलेजचा रस्ता तोच. घेण्याआधी आम्ही तिथे मुद्दाम तीन वेळा गेलो : एकदा भर पावसात, एकदा कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि एकदा रात्री नऊला. पाणी कुठे तुंबते, दारे कधी उघडी असतात आणि अंधारात गल्लीत कोण दिसते, हे तीन वेळांत कळते. घर शोधणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. कागदपत्रे, उतारा, पाण्याची जोडणी हे सारे वकील आणि जाणकार पाहतीलच. पण सकाळी अकरा वाजता त्या गल्लीत कोण असते, ते आपणच जाऊन पाहायला हवे. आणि त्या वेळी घरात असणाऱ्या माणसाचे मत आधी घ्यायला हवे.

ह्यांच्या मनातले तळे मात्र सुटलेले नाही. रविवारी संध्याकाळी ते बेळगावच्या किल्ला तलावावर फेरी मारून येतात. तिथे राजवाडा नाही आणि चितार आळीही नाही, पण तक्रार करत नाहीत. निघताना तिथून आणलेली लाकडी फळांची परडी टीव्हीशेजारी ठेवली आहे. नवखा पाहुणा त्यातले केळे हमखास उचलून पाहतो. दर महिन्याला काकूंचा फोन येतो, आणि पुढच्या मे महिन्यात त्या आठ दिवसांसाठी आमच्याकडे यायच्या आहेत. आईंनी आतापासून मला बजावून ठेवले आहे, त्यांना कुंदा खायला घालायचा, पण मासळीचे नाव काढायचे नाही, "इथली बघून हसतील त्या."

परवा कॉलेजातून आले तर दाराला कडी होती. पोटात धस्स झाले. तेवढ्यात तीन घरे सोडून पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "इथं हाय गं मी! चहा ठेव, आलेच."

मी चहा ठेवला. त्या अर्ध्या तासाने आल्या. चहा पुन्हा गरम करावा लागला.