बंद गुहेचे गाव

दक्षिण फ्रान्समधील आर्देश जिल्ह्यात, त्याच नावाच्या नदीच्या काठी, व्हालाँ-पाँ-दार्क हे छोटे गाव वसलेले आहे. त्याची कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास असते; उन्हाळ्यात मात्र नदीकाठच्या तंबूतळांवर त्याच्या कितीतरी पट माणसे मुक्कामाला येतात. पर्यटनावर जगणाऱ्या गावांना आपल्याकडचे सर्वांत मोलाचे स्थळ दाखवण्याची घाई असते. व्हालाँला ती सोय नाही, कारण ज्या गुहेमुळे त्याचे नाव जगभर पोहोचले तिच्या तोंडाशी भक्कम दार बसवलेले आहे आणि ते पर्यटकांसाठी कधीच उघडले गेलेले नाही. तरीही लोक येतात आणि आठवडा-आठवडा राहतात. या बंद दाराभोवती एवढे मोकळे रान कसे नांदते, हे समजून घ्यायचे तर गावापेक्षा गावाभोवतीच्या दगडाकडे आणि पाण्याकडे अधिक पाहावे लागते.

खुद्द गावात पाहण्यासारखे फार नाही, आणि जे आहे ते अर्ध्या दिवसात उरकते. नगरपालिकेची कचेरी एका जुन्या गढीत असून तिथे सतराव्या शतकातली ओबुसाँ येथील विणीची भित्तिवस्त्रे, म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्रमय गालिचे, जपून ठेवलेली आहेत. आठवडी बाजारात शेळीच्या दुधाचे चपटे, गोल पिकोदाँ चीज आणि चेस्टनटच्या गराचा गोड मुरंबा विकायला असतो. हा मुरंबा डबाबंद करण्याचा उद्योग याच जिल्ह्यातल्या प्रिव्हास शहरात 1885 साली सुरू झाला.

गावापासून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की नदीवर आडवी पडलेली एक प्रचंड दगडी कमान समोर येते. सुमारे 54 मीटर उंच आणि जवळपास 60 मीटर रुंद असलेली ही निसर्गनिर्मित कमान म्हणजेच पाँ दार्क, आणि गावाच्या नावातले शेपूट तिच्यावरूनच आलेले आहे. तिचा खडक चुनखडीचा असून तो सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडात, एका उबदार व उथळ समुद्राच्या तळाशी साचला. चुनखडकाची खोड अशी की पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते व अशा पाण्यात तो हळूहळू विरघळतो, त्यामुळे भेगांची बिळे होतात, बिळांच्या गुहा होतात आणि डोंगर आतून पोकळ होत जातो. भूशास्त्रज्ञ अशा प्रदेशाला कार्स्ट भूमी म्हणतात. आर्देश नदी पूर्वी इथे डोंगराच्या एका सोंडेला नागमोडी वळसा घालून जात असे. सोंडेच्या अरुंद मानेत अशा पोकळ्या आधीच पडलेल्या होत्या, नदीने त्यांतूनच वाट काढली आणि वळसा सोडून दिला. ही घटना सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या आसपास घडली, असे अलीकडच्या कालमापनावरून दिसते. नदीने टाकून दिलेले ते वळण आजही कोरड्या, अर्धवर्तुळाकार दरीच्या रूपात कमानीमागे स्पष्ट दिसते आणि एके काळी जिथून पाणी वाहत होते तिथे आता द्राक्षवेलींच्या रांगा आहेत. बहुतेक पर्यटक कमानीचे छायाचित्र काढून वळतात आणि या दरीकडे पाठ फिरवतात, ही खेदाची गोष्ट आहे. कमान कशी झाली हे कमानीत दिसत नाही, ते त्या द्राक्षमळ्यात दिसते.

कमानीच्या पुढे नदी एका घळईत शिरते. घळई म्हणजे उभ्या कड्यांमधली अरुंद, खोल दरी. आर्देशची घळई सुमारे 30 किलोमीटर लांब असून तिचे कडे काही ठिकाणी 300 मीटरच्या आसपास उंच आहेत, आणि तिच्या तळाने जाणारी खरी वाट म्हणजे नदीच. कड्यांच्या माथ्यावरून वळणावळणाचा मोटाररस्ता जातो आणि त्यावरच्या सज्जांतून नदी हिरव्या फितीसारखी दिसते, पण तो देखावा फार लवकर पाहून होतो. पूर्वी गावातले नावाडी सपाट तळाच्या लाकडी होड्यांतून प्रवाशांना खाली नेत असत व ती परंपरा थोड्या प्रमाणात अजून टिकून आहे. आता मात्र बहुतेक लोक भाड्याच्या प्लॅस्टिकच्या कनूमध्ये किंवा कयाकमध्ये बसून स्वतःच वल्हे मारतात. कनू आणि कयाक दोन्ही लहान, निमुळत्या नावा. ढोबळ फरक इतकाच की कनूचे वल्हे एका टोकाला पाते असलेले आणि कयाकचे दोन्ही टोकांना पाती असलेले असते. कमानीखालून जाऊन लगेच पलीकडे उतरण्याचा टप्पा आठेक किलोमीटरचा आहे, तर गावापासून सँ-मार्तँ-दार्देशपर्यंतची पूर्ण सफर 32 किलोमीटरची आहे आणि ती एका दिवसात करणाऱ्याचे खांदे रात्री जागेवर राहत नाहीत. शेवटी काठावर बस उभी असते आणि ती माणसांना पुन्हा व्हालाँला आणून सोडते.

या सफरीची तयारी साधी असली तरी तिचे स्वतःचे शास्त्र आहे. प्रत्येक नावेबरोबर फिरकीच्या झाकणाचे एक जलरोधक पिंप दिले जाते. त्यात पाव, कोरडे कपडे आणि मोबाइल भरून ते नावेला दोरीने बांधायचे असते, कारण नाव उलटली तर पिंप तरंगत राहते पण न बांधलेले पिंप माणसाच्या आधी सँ-मार्तँला पोहोचते. दिशा मागे बसणारा ठरवतो, गती पुढे बसणारा देतो, आणि हे न ठरवता निघालेली जोडपी पहिल्याच द्रुतवाहात आडवी होतात. द्रुतवाह म्हणजे उतारावर खडकांमधून फेसाळत धावणारा पाण्याचा पट्टा. अशा ठिकाणी नाव खडकावर आडवी लागली की माणूस स्वाभाविकपणे खडकापासून दूर झुकतो, त्यामुळे प्रवाहाकडची कड खाली दबते, पाणी आत घुसते आणि नाव उलटते. खरा उपाय नेमका उलटा असतो, म्हणजे अंग खडकाकडे झोकून त्याला जवळजवळ मिठी मारायची. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी इतके उतरते की नावेचा तळ गोट्यांवर खरवडत जातो आणि अशा जागी गर्दीही फार होते, म्हणून जाणकार लोक वसंत ऋतूच्या अखेरचे दिवस पसंत करतात.

घळई 1980 पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. तिच्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. गो आणि गुर्निए या दोन ठरावीक जागीच, आधी नोंदणी करून, रात्र काढता येते. हे नियम पहिल्यांदा जाचक वाटतात, पण पन्नास नावांचा घोळका पुढे सरकून गेल्यावर काठावर दात लावून तोडलेली विलोची खोडे दिसू लागतात तेव्हा त्यांचे कारण उमगते. ते काम बीव्हरचे असते. माथ्यावर सदाहरित ओक, जुनिपर आणि रानटी थाइमची खुरटी झाडी आहे, तिला तिकडे गारीग म्हणतात, आणि कड्यांच्या कपारीत मोरघार घरटे करते. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारा हाच शिकारी पक्षी फ्रान्समध्ये दुर्मीळ झालेला असल्याने त्याच्या विणीच्या दिवसांत कड्यांचे काही भाग गिर्यारोहकांना बंद केले जातात.

शरद ऋतूत ही नदी ओळखू येत नाही. भूमध्य समुद्रावरची दमट, उबदार हवा सेव्हेन पर्वतरांगेवर आदळून वर चढते व काही तासांत इतका पाऊस ओतते की कोरड्या ओढ्यांचे लोंढे होतात. सप्टेंबर 1890 मधल्या अशाच महापुराने आर्देशवरचे अनेक पूल वाहून नेले होते.

पाण्याने पृष्ठभागावर केले त्याहून अधिक काम जमिनीखाली केले आहे. घळईच्या दक्षिणेच्या पठारावर ओर्न्याकचे आव्हँ आहे. आव्हँ म्हणजे छत कोसळून वरून उघडी पडलेली, विहिरीसारखी उभी गुहा. रोबेर द जोली या गुहा-संशोधकाने 1935 साली तिच्यात उतरून ती उजेडात आणली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय एका कलशात घालून तिथेच ठेवण्यात आले. तिच्या अफाट दालनांत जमिनीवरून वर वाढलेले लवणस्तंभ ताटांच्या चवडीसारखे दिसतात, कारण इथले छत इतके उंच आहे की थेंब खाली पोहोचेपर्यंत वेग घेतो, आपटून फुटतो आणि त्यातला चुना टोकाऐवजी कडेला पसरतो. उतरायला सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. वर येताना लिफ्ट आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करणारा शुद्धतावादी आजवर झाला नसावा.

18 डिसेंबर 1994 रोजी जाँ-मारी शोव्हे, एलिएत ब्र्युनेल आणि क्रिस्तियाँ इलेर हे तिघे हौशी गुहाशोधक कमानीजवळच्या कड्यावर फिरत असताना दगडांच्या फटीतून येणाऱ्या हवेच्या झुळकीने त्यांचे लक्ष वेधले. आत पोकळी असल्याची ही खूण गुहाशोधकांच्या परिचयाची असते. दगड उपसून, सरपटत ते आत गेले आणि सुमारे 36,000 वर्षांपूर्वीची चित्रे त्यांच्या दिव्यांच्या उजेडात आली. कडा कोसळल्यामुळे गुहेचे मूळ तोंड साडेएकवीस हजार वर्षांपूर्वी पूर्ण बुजले होते, म्हणून आतले सगळे जसेच्या तसे राहिले होते: अस्वलांच्या नखांचे ओरखडे, त्यांच्या झोपण्याचे खळगे, एका खडकावर ठेवलेली अस्वलाची कवटी, आणि चारशेहून अधिक प्राणी. दोर्दोन्य भागातल्या लास्को येथील चित्रगुहा पर्यटकांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि दमटपणाने बिघडून 1963 साली बंद करावी लागली होती, त्यामुळे शोव्हे गुहा पहिल्या दिवसापासूनच बंद ठेवण्याचा निर्णय झाला. युनेस्कोने 2014 मध्ये तिला जागतिक वारसा मानले, तेव्हाही दार उघडले नाही. संशोधक वर्षातले काही आठवडे आत जातात आणि पोलादी मार्गिका सोडून पाऊल खाली ठेवत नाहीत.

पर्यटकांसाठी गावाजवळच्या टेकडीवर एप्रिल 2015 मध्ये गुहेची प्रतिकृती खुली झाली. मूळ गुहेचे त्रिमितीय मोजमाप घेऊन पोलादी सळ्या वाकवल्या, त्यांवर गिलावा फवारला आणि हाताने दगडाचा पोत दिला. महत्त्वाच्या भिंती जिल तोसेलो यांच्यासारख्या प्रागैतिहासिक कलेच्या अभ्यासक-चित्रकारांनी रंगवल्या. घोड्यांची भिंत इथे जवळून पाहता येते. मूळ चित्रकाराने आधी दगडावरची मऊ साय खरवडून पांढरी जागा मोकळी केली, मग पाइनच्या कोळशाने चार घोड्यांची मस्तके एकामागे एक मांडली आणि बोटाने कोळसा पसरवून गालांना छाया दिली. शेवटच्या घोड्याचे तोंड किंचित उघडे आहे. शेजारी दोन गेंडे शिंगाला शिंग भिडवून उभे आहेत, तर दुसऱ्या एका भिंतीवरच्या गव्याला आठ पाय आहेत, बहुधा तो धावतो आहे हे दाखवण्यासाठी. प्रतिकृती म्हणजे नक्कल आणि नक्कल म्हणजे कमअस्सल, हा आक्षेप इथे लंगडा पडतो, कारण ती रंगवणाऱ्याला मूळ हाताच्या प्रत्येक हालचालीचा क्रम शोधून काढावा लागला आणि तो क्रम पाहणाऱ्यालाही वाचता येतो. उणीव असेल तर वेगळीच: गट ठरावीक वेळेने आत सोडले जातात आणि वाटाड्याची गती चित्रांच्या गतीहून जास्त असते, त्यामुळे घोड्यांपुढे थांबावेसे वाटते तेव्हाच पुढे सरकावे लागते.

त्या भिंतींवर प्राण्यांखेरीज काही कारंज्यासारख्या खुणाही आहेत, वर उसळून दोन्ही बाजूंना पडणाऱ्या रेषांच्या. त्या ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या असाव्यात, असे काही संशोधकांनी 2016 साली सुचवले, कारण गुहेपासून 35 किलोमीटरवर वायव्येला त्याच काळात ज्वालामुखी जागे होते. मात्र हा तर्क सर्वमान्य नाही. तो पटो वा न पटो, त्याच्या निमित्ताने व्हालाँहून उत्तरेकडे एक फेरी मात्र करावी. तिथे झोझाक गावाच्या शेजारी घोड्याच्या नालाच्या आकाराचे, एका बाजूने फुटलेले ज्वालामुखीचे विवर आहे. त्याच्या उतारांवर चेस्टनटची झाडे लावलेली असून त्यांच्या सावलीतून काठापर्यंत पायवाट चढते, आणि खालच्या नदीपात्रात थंड होताना लाव्ह्याला पडलेले बेसॉल्टचे षटकोनी खांब उभे आहेत.