कल्पिताचा उंबरठा

खालापुरातला एखादा वाचक 'द दा विंची कोड' (2003) हाती घेऊन रात्र जागवतो, तेव्हा त्याचा आनंद अभिरुचीहीन ठरवणे समीक्षेला सोयीचे असते. परंतु हा आनंद नेमका कशाचा? डॅन ब्राऊन आरंभीच, वस्तुस्थिती म्हणून, 'प्रायरी ऑफ सायन' ही 1099 साली स्थापन झालेली खरी संघटना असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात ती 1956 साली फ्रान्समध्ये नोंदवली गेली. तिची प्राचीन परंपरा बनावट. म्हणजे कथेच्या उंबरठ्यावरचे हे पानही कल्पितच!

याच तालुक्यात महडचा वरदविनायक आहे. मूर्ती 1690 साली तळ्यात सापडली, असे भाविक सांगतो. पुरावा तो मागत नाही, देतही नाही. रहस्यकादंबरी मात्र श्रद्धेला आव्हान देण्याचा आविर्भाव आणते, दस्तऐवजाची वस्त्रे पांघरते आणि वाचकाकडे अखेर श्रद्धाच मागते. उंबर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोज'मधला (1980) विल्यम चुकीच्या आकृतिबंधाचा माग काढत गुन्हेगारापर्यंत पोहोचतो आणि तसे कबूलही करतो. तेथे वाचनसुख उणावत नाही, किंबहुना अधिक सजग होते. महडच्या आख्यायिकेवर उद्या कोणी रहस्यकादंबरी रचली, तर तिचे पहिले पान कसे लिहावे हा प्रश्न त्याला चुकणार नाही.