‘आम्ही’ की ‘आपण’?

कामोठ्यातील कितीतरी तरुण रोज मानसरोवर स्थानकावरून ऐरोलीच्या संगणक कंपन्यांकडे निघतात. त्यांतील काही ‘सोल्यूशन्स इंजिनिअर’ असतात. ग्राहकाची अडचण ऐकून आपल्या कंपनीची प्रणाली तिथे कशी लागू पडेल हे दाखवायचे, हे त्यांचे काम. मला ते दुभाष्याचेच वाटते. इंग्रजी बैठकीत ‘वी’ म्हटले की जुनी माहिती नव्या प्रणालीत नेमकी कोणी भरायची, हे संदिग्ध राहते आणि पुढे त्यावरूनच वाद होतात. मराठीत ‘आम्ही भरू’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण भरू’ म्हणताना तो सामावला जातो. (आदरार्थी ‘आपण’ असेल, तर क्रियापद ‘भराल’ होते.) द्राविडी भाषांतही हा भेद आढळतो. बैठकीचे टिपण एकदा मराठीत उतरवून पाहा. प्रत्येक ‘वी’पाशी कर्ता ठरवावाच लागेल.