चाळीचा वास

वैशाखात उन्हाळ कांदा चाळीत पडला की पुढचे चार-पाच महिने मोठी माय पहाटे उठून आधी चाळीकडे जायची. तुराट्यांच्या कुडाला नाक लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि मध्येच थांबून हाक मारायची, "आठे सडना रे!" आबा तिथला कूड उचकटायचे. दोन हात आत गेलं की बोटांना ओलसर, बुळबुळीत लागायचं. ती एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही.

आमची देवळ्याची ती चाळ बांबूची, वर उसाचं पाचट, आणि कांदा थेट जमिनीवर. कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच. पावसाळ्यात खालून ओल चढायची, वरून ढिगाचा भार, मधल्या कांद्याला वारा नाही. दसऱ्याच्या सुमारास चाळ फोडली की तळाचा थर काळं पाणी होऊन बसलेला असायचा. तो पाट्यांनी उकिरड्यावर टाकताना घरात कुणी कुणाशी बोलत नसे. म्हणून तर भाव पडलेला असतानाच, मे महिन्यात, अर्धा कांदा बैलगाडीत भरून आबा विकून टाकायचे. थांबायची सोयच नव्हती.

आता चुलतभावाची चाळ जमिनीपासून दोन फूट उंच आहे. लोखंडी सांगाडा, खालच्या पट्ट्यांत फटी, ढीग पाच फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही. एक पाखी, म्हणजे एका रांगेची, चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम, हे आता पोरांनाही पाठ असतं. कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. उमराण्याला न्यायचा की भावडबारीचा घाट ओलांडून लासलगावला, हे भाव बघून ठरवता येतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्पही आहे. गॅमा किरणांनी कोंब फुटणं थांबतं, पण सड थांबत नाही.

बरीचशी सड शेतातूनच येते, आणि इथे मला जुन्या माणसांचंच पटतं. माना पडल्या की पाणी तोडायचं, उपटलेला कांदा पातीखाली झाकून वाळवायचा, पात सुकल्यावरच इंच-दीड इंच मान ठेवून कापायची. आबा मान चिमटीत पिळून बघायचे. ओल लागली तर विळा चालू द्यायचे नाहीत. आज मजूर उक्ते येतात, त्यांना पुढचं शेत गाठायचं असतं, ओल्या मानेवरच विळा फिरतो. असला कांदा कितीही महागड्या चाळीत भरला तरी जुलैत पाणी सोडतो.

लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांच्या 'गोदाम इनोव्हेशन्स'ने चाळीतल्या हवेवरून सड ओळखणारं यंत्र काढलंय. चुलतभावाने तसलंच एक बसवलंय. गेल्या श्रावणात आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला: तिसरा कप्पा. ताट तसंच ठेवून दोघं बॅटरी घेऊन गेलो. त्याने फटीतून हात घालून एक कांदा काढला, अंगठ्याने मान दाबली आणि नाकाशी धरला.

"हाच," तो म्हणाला, आणि कप्प्याची पट्टी काढायला लागला.